कॅरिबियनमधील शांत थांबे : सेंट व्हिन्सेंट ते ग्रेनाडा

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे : कुटुंबातील सहा जण, दोन आठवड्यांची रजा, भाड्याने घेतलेली कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, आणि तिच्यासोबत एक स्थानिक स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान. ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर एकदा जाऊन आलात, पण तिथे दुपार उलटली की बोट बांधायचा तरंगता बोया पटकावण्यासाठी चढाओढ आणि रात्री शेजारच्या बोटीवरचा गोंगाट, म्हणून या वेळी 'कोणालाच ठाऊक नसलेल्या' जागा हव्या आहेत. तुमचे बंधू मुंबईत शिडाच्या बोटी चालवतात आणि अधूनमधून सुकाणू हाती घेऊ इच्छितात, हेही तुम्ही लिहिले आहे, आणि त्याचा विचार उत्तरात केला आहे.

या पाण्यात बरीच वर्षे चार्टरच्या, म्हणजे भाड्याच्या, बोटी चालवल्यानंतर मला स्पष्टच सांगावेसे वाटते की, कोणालाच ठाऊक नाही अशी खाडी पूर्व कॅरिबियनमध्ये उरलेली नाही. सगळ्या खाड्या नकाशावर आहेत आणि प्रत्येक स्किपरच्या फोनमध्येही आहेत. तरीसुद्धा काही ठिकाणी संध्याकाळी दोन-तीनच बोटी असतात, आणि त्यामागे प्रत्येक वेळी एखादे ठोस कारण असते : लाट आत शिरते, तळ फार खोल आहे, प्रवाळांतून जाणारी वाट अरुंद आहे, किनाऱ्यावर पाणी-वीज नाही, किंवा बोट भाड्याने देणाऱ्या कंपनीने करारातच त्या जागेवर काट मारलेली आहे. ते कारण आपल्या बोटीला आणि आपल्या माणसांना झेपेल की नाही, हे ठरवता आले की शांत जागा सापडतात. म्हणून पुढे थांबे सांगताना तिथे गर्दी का होत नाही, हेही सांगत जातो.

व्हर्जिन बेटांवर गर्दी होते ती तिथले पाणी सोपे असल्यामुळे. एका बेटावरून दुसरे दिसते, मधला समुद्र बंदिस्त आहे, तास-दोन तासांत पुढचा मुक्काम येतो आणि जागोजागी बांधून ठेवलेले बोये आहेत. पुन्हा तिकडेच जायचे झाले, तर सॉल्ट आयलंडवर अर्धा दिवस काढावा, कारण २९ ऑक्टोबर १८६७ च्या वादळात बुडालेल्या 'ऱ्होन' या टपालवाहू आगबोटीचे अवशेष पाहायला येणारे लोक पाण्यात उतरतात आणि तसेच निघून जातात; मिठागरांच्या त्या बेटावर फारसे कोणी पाऊल ठेवत नाही. पण मी तुमच्या जागी असतो, तर दोन आठवड्यांची रजा तिकडे घालवली नसती. सेंट व्हिन्सेंटहून निघून ग्रेनाडीन बेटांच्या माळेतून ग्रेनाडापर्यंत उतरणारा मार्ग मी घेतला असता.

दिशेला इथे फार महत्त्व आहे. या भागात वर्षभर पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा वेग पंधरा ते वीस नॉट (ताशी सागरी मैल) सहज असतो. त्यातच पाण्याचा ओघ पश्चिमेकडे आहे. ग्रेनाडाहून वर, उत्तरेच्या कॅरिआकू बेटाकडे यायचे म्हटले, की वारा जवळजवळ तोंडावर, ओघ बाजूला लोटणारा आणि ग्रेनाडाच्या उत्तर टोकापाशी उसळलेला समुद्र, असा तिहेरी मार बसतो. तोच रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे कापला, तर वारा बाजूने मिळतो आणि शिडांवर आरामात जाता येते. म्हणून बोट सेंट व्हिन्सेंटला ताब्यात घ्यावी आणि ग्रेनाडाला सोडावी. बोट परत नेण्याचे वेगळे पैसे कंपनी मागते, ते द्यावेत. त्या बदल्यात तुमचे दोन-तीन दिवस वाचतात आणि घरातली निम्मी माणसे उलट्या करत बसत नाहीत.

महिन्याच्या बाबतीत माझे मत पक्के आहे : एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेअखेरपर्यंत. डिसेंबर ते मार्च या काळात उत्तर अटलांटिकमधील वादळांमुळे उठलेली लांब लाट शेकडो मैल ओलांडून इथवर येते आणि उत्तरेला किंवा वायव्येला तोंड असलेल्या खाड्या, म्हणजे नेमक्या त्या शांत खाड्या, एका रात्रीत राहण्यालायक उरत नाहीत. मेमध्ये ही लाट क्वचित येते, वारा थोडा सौम्य होतो, ईस्टरची गर्दी ओसरलेली असते आणि भाडेही उतरते. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम आहे. जूनच्या आरंभी सहसा काही होत नाही, असे पूर्वी आम्हीही सांगत असू. पण १ जुलै २०२४ रोजी 'बेरिल' हे चौथ्या श्रेणीचे वादळ थेट कॅरिआकूवर आदळले, आणि आजवर सुरक्षित मानल्या गेलेल्या टायरेल बेच्या खारफुटीत दोरांनी जखडून ठेवलेल्या बोटीही त्याने एकमेकींवर रचल्या. युनियन बेटावरची सुमारे नव्वद टक्के घरे मोडली किंवा जबर नुकसान झाले. हे सांगण्याचे कारण असे की, पुढे येणाऱ्या काही किनाऱ्यांवर जुन्या वर्णनांतली खानावळ किंवा धक्का तुम्हाला जागेवर दिसेलच असे नाही. अन्न आणि पाणी बोटीवर धरूनच निघावे.

मे महिन्याचा एक तोटा आहे. २०११ पासून सारगासम नावाचे तरंगते समुद्रशेवाळ वसंत-उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर या बेटांकडे येते आणि पूर्वेकडच्या, वाऱ्याला तोंड असलेल्या खाड्यांत साचून कुजते. कुजताना सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरची जागा कितीही निवांत असली, तरी त्या आठवड्यात तिथे काय स्थिती आहे हे स्किपरला विचारूनच ठरवावे.

पहिला मुक्काम सेंट व्हिन्सेंटच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कंबरलँड बे इथे करावा. बहुतेक चार्टर बोटी कंपनीचा धक्का सोडल्या सोडल्या दक्षिणेला बेक्विया बेटाकडे धावतात आणि मुख्य बेटाकडे पाठ फिरवतात, त्यामुळे ही खाडी मोकळी राहते. दुसरे कारण समुद्रतळाचे. ही ज्वालामुखी बेटे असल्यामुळे डोंगराचा उतार जसा पाण्यावर दिसतो तसाच तो पाण्याखाली जातो, आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर इतकी खोली होते की नुसता नांगर टाकून बोट उभी करता येत नाही. इथली रीत अशी आहे : नांगर खोल पाण्यात सोडायचा, बोट मागे घेत किनाऱ्यापर्यंत आणायची आणि मागचा दोर काठावरच्या नारळाच्या झाडाला बांधायचा. खाडीच्या तोंडाशी वल्ह्यांच्या होडीतून एखादा तरुण तुम्हाला गाठतो, दोराचे टोक घेतो, वाळूवरून पळत जाऊन बुंध्याला दोन वेढे देतो आणि टोक पुन्हा बोटीवर आणून देतो, म्हणजे सकाळी निघताना कोणाला न उठवता दोर सोडता येतो. त्याचा मोबदला आधी बोलून ठेवावा. पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, १९७६ पासून त्याचा दर एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला आहे, आणि सुट्या नोटा जवळ असल्या की निम्मी घासाघीस टळते. ज्यांना ही मदत नकोशी वाटते त्यांनी या किनाऱ्याला येऊच नये. इथे पाहुण्याचे येणे हा गावाच्या उत्पन्नाचा भाग आहे आणि तो मान्य केला की माणसे फार चांगली वागतात.

वाळू काळी आहे, मागे दाट हिरवा डोंगर आहे आणि त्याच्या उत्तरेला १,२३४ मीटर उंचीचा ला सूफ्रिएर ज्वालामुखी आहे, ज्याचा शेवटचा मोठा उद्रेक ९ एप्रिल २०२१ रोजी झाला. डोंगरावरून रात्री वारा गरगरत खाली येतो, तेव्हा दोर ताणलेला आहे ना, हे झोपण्यापूर्वी पाहावे. सेंट व्हिन्सेंटच्या या बाजूला पूर्वी चोऱ्यांच्या तक्रारी आलेल्या आहेत. किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, म्हणजे डिंगी, रात्री पाण्यात न ठेवता उचलून टांगावी आणि मागचे दार लावून झोपावे, एवढी काळजी पुरते. जिथे बोटींचे वर्षभर येणे-जाणे आहे आणि लोक तुम्हाला ओळखतात, अशा गावासमोर राहणे हे निर्मनुष्य किनाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असते.

जेवणाचा विषय इथेच उरकतो, कारण तुमच्यापैकी दोघे शाकाहारी आहेत. बाजारात जे ब्रेडफ्रूट मिळते ते म्हणजे कोकणातला नीरफणस. कॅप्टन विल्यम ब्लाय याने १७९३ मध्ये त्याची रोपे ताहितीहून आणून सेंट व्हिन्सेंटला उतरवली आणि आता तो इथला रोजचा घास आहे. विस्तवावर अख्खा भाजून, काळी पडलेली साल काढून, आतला गर फोडी करून खातात. काप करून तव्यावर परतायला तुम्हाला कोणी शिकवायला नको. कॅलालू हा पालेभाजीचा दाट रस्सा डाशीनच्या पानांचा असतो, आणि डाशीन म्हणजे अळू. त्यात अनेकदा खारवलेले मांस किंवा खेकडा घातलेला असतो, म्हणून आधी विचारावे. रोटी नावाचा पदार्थ सगळीकडे मिळतो : मोठ्या मऊ पोळीत बटाट्याची किंवा मांसाची रस्सेदार भाजी गुंडाळलेली. तो इथे आला तो भारतातून करारावर आणलेल्या मजुरांमुळे. त्यांचे पहिले जहाज ग्रेनाडाला १ मे १८५७ रोजी आणि सेंट व्हिन्सेंटला १ जून १८६१ रोजी लागले.

बेक्विया टाळता येत नाही आणि टाळूही नये. भाजी, डिझेल, पाणी आणि रोख पैसे घेण्यासाठी अॅडमिरल्टी बेमध्ये एक दिवस थांबावे लागते. मात्र रात्र तिथे न काढता बेटाला वळसा घालून दक्षिणेच्या फ्रेंडशिप बेमध्ये जावे. तिथे गर्दी नसण्याचे कारण पहिल्या तासातच कळते : आग्नेयेकडून लाट आत वळते आणि बोट आडवी डोलत राहते. त्यावर उपाय म्हणजे मागून दुसरा छोटा नांगर टाकून बोटीचे तोंड लाटेकडे धरून ठेवणे. कॅटामरान मुळातच कमी डोलते, म्हणून तुम्हाला हे सहज जमेल. समोरच्या पेटी नेविस या निर्जन बेटावर देवमासे कापण्याच्या जुन्या तळाचे अवशेष आहेत. बेक्वियाच्या लोकांना आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने वर्षाला सरासरी चार हंपबॅक देवमाशांची मुभा दिलेली आहे आणि ती शिकार उघड्या होडीतून हाती भाल्याने होत आली आहे. या विषयावर तिथल्या लोकांशी वाद घालू नये. क्रिकेटवर बोलावे, १९७१ च्या दौऱ्यात चार कसोटींत ७७४ धावा काढणाऱ्या गावसकरांचे नाव म्हाताऱ्या कोळ्यांना आजही सांगावे लागत नाही.

मस्टीक महाग आहे आणि कॅनुआन बव्हंशी मोठ्या हॉटेलांच्या ताब्यात आहे. दोन्ही ठिकाणी न रेंगाळता मेरो बेटावर यावे. सगळे जण सॉल्टव्हिसल बेमध्ये शिरतात, कारण छायाचित्रांत तीच असते. तुम्ही सलाइन बेमध्ये थांबा आणि संध्याकाळी चढण चढून गावातल्या चर्चपाशी जा, जिथून टोबॅगो केजचा सगळा प्रवाळपट्टा पायाखाली पसरलेला दिसतो.

टोबॅगो केज ही शांत जागा आहे असे मी म्हणणार नाही. पाच निर्जन बेटे, त्यांना कवेत घेणारी नालाकृती प्रवाळरांग आणि हिरव्या कासवांचे चरण्याचे गवत, यामुळे ती या भागातली सर्वांत प्रसिद्ध जागा आहे आणि संरक्षित सागरी उद्यान असल्याने शुल्क भरावे लागते. परंतु इथे गर्दी आहे ती घड्याळाची. सहलीच्या बोटी सकाळी दहाच्या सुमारास येतात आणि दुपारी चारपर्यंत परततात. तीनच्या आत येऊन थांबावे, त्या गेल्या की रात्र निवांत काढावी आणि सकाळी सहाला पाण्यात उतरावे. त्या वेळी पाचांपैकी बॅराडल या बेटाच्या उथळ पाण्यात कासवे आणि तुम्ही एवढेच असता. प्रवाळरांगेच्या बाहेर पूर्वेला पेटी टॅबॅक हे पाचवे बेट एकटे उभे आहे. तिथे बहुतेक कंपन्या जाऊ देत नाहीत आणि त्यांचे बरोबर आहे. वारा पडलेला असेल, सूर्य डोक्यावर असेल आणि स्किपर त्या वाटेने आधी गेलेला असेल, अशा तिन्ही अटी जुळल्या तरच दिवसापुरते जावे.

सूर्याचा मुद्दा तुमच्या बंधूंसाठी थोडा उलगडतो, कारण इथल्या प्रवाळांतून बोट डोळ्यांनी चालवायची असते. नकाशा वाट दाखवतो, पण तांबूस-तपकिरी पाणी म्हणजे प्रवाळ, फिकट हिरवे म्हणजे उथळ वाळू आणि गडद निळे म्हणजे खोली, हे पाहणारा माणूस पोलराइज्ड चष्मा लावून पुढे उभा असावा लागतो. सूर्य समोर आला की सगळे पाणी एकच चंदेरी दिसते. म्हणून अशा जागी सकाळी दहा ते दुपारी तीन याच वेळात शिरायचे, आणि सूर्य पाठीशी राहील असे आखायचे. मुंबईत चार-पाच मीटरच्या भरती-ओहोटीची सवय झालेल्या माणसाला दुसरी गोष्ट चकवते : इथे भरती-ओहोटीतला फरक साधारण अर्ध्या मीटरचा असतो. मांडवा किंवा धरमतरच्या गाळात बोट रुतली तर भरतीची वाट पाहतात. इथे खडपावर चढलेल्या बोटीला भरती सोडवायला येत नाही. तिसरी गोष्ट वाट दाखवणाऱ्या बोयांच्या रंगांची. बंदरात शिरताना भारतात लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, तर अमेरिका खंडाच्या पद्धतीत, आणि ही सगळी बेटे त्या पद्धतीत येतात, लाल उजव्या हाताला असतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात आपोआप चुकीकडे वळतो. सुकाणूजवळ चिठ्ठी चिकटवून ठेवावी.

युनियन बेटाच्या पश्चिमेची चॅटम बे ही या मार्गावरची माझी सर्वांत आवडती जागा आहे. क्लिफ्टन हे गाव बेटाच्या पूर्वेला आहे, सरकारी कामे तिथे होतात, पतंगावर लाटा कापणारे तिथे जमतात आणि बोटीही तिथेच दाटतात. चॅटमकडे पाठ फिरवण्याचे कारण डोंगरावरून येणारे झोत आहेत : दहा मिनिटे अगदी निवांत, आणि मग अचानक तीस नॉटचा तडाखा, ज्याने बोट नांगराभोवती अर्धा फेरा घेते. तळ चांगल्या वाळूचा आहे. साखळी पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट, जागा असल्यास सातपट सोडावी, इंजिन मागे लावून नांगर रुजवावा आणि चष्मा-नळी लावून पाण्यात उतरून तो खरोखर वाळूत गेला आहे का हे डोळ्यांनी पाहावे. समुद्रगवतावर पडलेला नांगर धरल्यासारखा वाटतो आणि रात्री सुटतो.

या खाडीच्या वरच्या कोरड्या जंगलात एक पाल राहते. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, अंगावर लाल, काळे आणि पांढरे रत्नासारखे ठिपके. शास्त्रात तिची नोंद २००५ मध्ये झाली आणि जगात ती या एवढ्याच उतारावर आढळते. हौशी संग्राहकांसाठी तिची इतकी चोरटी विक्री होऊ लागली, की २०१९ मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्णपणे बंद करण्यात आला. तिथे जायचे तर स्थानिक वाटाड्या आणि वनखात्याची परवानगी घेऊनच जावे, दगड उलटून पाहू नयेत आणि छायाचित्रासोबत नेमकी जागा कुठेही टाकू नये. मुलांना घेऊन किनाऱ्यावर फिरताना मँचिनील या झाडाची ओळख मात्र आधी करून घ्यावी. त्याचे फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखे दिसते आणि जबर विषारी असते. पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. बऱ्याच ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा ओढलेला असतो, सगळ्या ठिकाणी नसतो.

युनियननंतर देश बदलतो. सेंट व्हिन्सेंटमधून निघण्याची नोंद क्लिफ्टनला आणि ग्रेनाडात शिरण्याची नोंद कॅरिआकूच्या टायरेल बेमध्ये करावी लागते. माहिती 'सेलक्लिअर' या ऑनलाइन प्रणालीत आधी भरून ठेवली तर खिडकीपाशी वेळ वाचतो. नोंद बाकी आहे असे सांगणारा पिवळा झेंडा चढवून ठेवावा आणि नोंद होईपर्यंत स्किपरखेरीज कोणी किनाऱ्यावर उतरू नये. मधे पेटी सेंट व्हिन्सेंट आणि पेटीत मार्टिनीक ही दोन बेटे अगदी शेजारी आहेत, पण पहिले एका देशाचे आणि दुसरे दुसऱ्या देशाचे. कित्येक बोटी कागद न करता एकीकडून दुसरीकडे जातात. पकडले गेल्यास दंड होऊ शकतो.

कॅरिआकूवर तीन रात्री ठेवाव्यात. टायरेल बेमध्ये बोटींची दाटी असते, सँडी आयलंडवर दिवसभर लोक असतात आणि तिथे नांगर टाकायला मनाई असल्याने बोया घ्यावा लागतो. वायव्येची अँस ला रोश ही लहानशी खाडी मात्र बहुधा रिकामी मिळते. रस्त्यापासून लांब, मागे झाडी, समोर मावळती आणि उत्तरेकडे युनियनची कडा. उत्तरेच्या लाटेचा अंदाज असेल त्या दिवशी तिथे जाऊ नये. तो अंदाज कित्येक दिवस आधी मिळतो, तेव्हा सबब चालत नाही. दक्षिणेच्या व्हाइट आणि सलाइन या निर्जन बेटांमध्ये ओघ जोरात वाहतो, म्हणून तिथे दिवस काढून संध्याकाळी टायरेल बेमध्ये परतावे.

ईशान्येच्या विंडवर्ड गावी बोटीने जाऊ नये, कॅरिआकूच्या हिल्सबरो या मुख्य गावाहून सार्वजनिक मिनीबसने जावे, कारण तिथली प्रवाळांतली वाट रोज ये-जा करणाऱ्यांचीच आहे. या गावात स्कॉटलंडहून आलेल्या सुतारांचे वंशज पाण्याच्या काठी झाडाखाली लाकडी शिडाच्या बोटी बांधतात. आराखडा कागदावर नसतो. रानात जाऊन पांढऱ्या सीडरच्या ज्या फांदीला जसा नैसर्गिक बाक असेल तसा तिचा बरगडीसाठी वापर करायचा, आणि बाकी सगळे नजरेने. बोट पाण्यात लोटण्याच्या दिवशी पाद्री आशीर्वाद देतो, रम आणि बकऱ्याचे रक्त शिंपडले जाते, मग एका बाजूचे टेकू कुऱ्हाडीने तोडून ती हळूहळू कुशीवर आडवी केली जाते आणि सगळे गाव दोर ओढून ओंडक्यांवरून तिला समुद्रात नेते. कॅरिआकू आणि पेटीत मार्टिनीक इथली ही कला २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. बोट बांधणीला असेल की नाही हे नशिबावर आहे. पण तासभर ओंडक्यावर बसून राहिलात, तर कोणी ना कोणी येऊन बोलतेच.

कॅरिआकूहून ग्रेनाडाच्या राजधानीपर्यंत तीसेक सागरी मैल आहेत आणि बहुतेक जण ते एका दमात पार करतात. वाटेत रॉन्द बेटाच्या वायव्येला कॉर्न स्टोअर बे आहे. वस्ती जवळजवळ नाही, तळ दगड आणि वाळूचा मिश्र, आणि उत्तरेची लाट असेल तर मुक्काम अशक्य. मेमध्ये दहापैकी सात-आठ दिवस राहता येते असा माझा अनुभव आहे. या बेटाच्या पश्चिमेला, ग्रेनाडापासून सुमारे आठ किलोमीटरवर, 'किक एम जेनी' हा समुद्राखालचा जिवंत ज्वालामुखी आहे. १९३९ मध्ये तो प्रथम माणसाच्या ध्यानात आला, तेव्हा त्याने वाफ आणि राखेचा लोट पाण्यावर २७५ मीटर उंच उडवला होता. एरवी त्याच्या माथ्यापासून दीड किलोमीटरच्या परिघात आणि सूचनेची पातळी वाढली की पाच किलोमीटरच्या परिघात बोटींना बंदी असते. ही बंदी उगाच नाही : वर येणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांनी पाण्याची घनता कमी होते आणि तरंगणारी बोट तिथे तरंगू शकत नाही. निघण्याच्या सकाळी पातळी पाहावी आणि ती वाढलेली असल्यास रॉन्द सोडून द्यावे.

ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावर एकापाठोपाठ एक खोल खाड्या आत गेल्या आहेत. हॉग आयलंडच्या आडोशाला बोटीवरच संसार थाटलेल्या लोकांची एक वाडी झाली आहे. चांगली माणसे आहेत, पण तुम्हाला हवी ती शांतता तिथे नाही. आणखी पूर्वेला पोर्ट एग्माँट आहे. तोंडाशी दोन्ही बाजूंना खडप असल्यामुळे आणि आत खानावळ, धक्का, दुकान यांपैकी काहीच नसल्यामुळे ती खाडी रिकामी राहते. आत गेल्यावर ती वळते आणि खारफुटीने वेढलेल्या तळ्यासारख्या पाण्यात संपते, जिथे बाहेर कितीही समुद्र असला तरी बोट हलत नाही. डास आहेत; संध्याकाळी जाळ्या लावाव्यात. शेवटच्या दोन रात्री इथे काढाव्यात, कारण बोट बहुधा दुपारी बाराच्या आत परत द्यावी लागते आणि इथून चार्टरचे तळ तास-दीड तासावर आहेत.

तेवढ्यात एक सकाळ ग्रेनाडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोयाव गावी जायला मिळाली, तर जायफळ वाळवण्याचे आणि निवडण्याचे जुने केंद्र पाहावे. २००४ च्या 'आयव्हन' वादळाने बेटावरची बहुतेक जायफळाची झाडे पाडली आणि झाड फळाला यायला सहा-सात वर्षे लागत असल्याने तो धंदा अजून पूर्वपदावर आलेला नाही.

कागदपत्रांविषयी. थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टधारकांना सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडा या दोन्ही देशांचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, आणि मार्ग निवडताना मी हेही धरले आहे. मार्टिनीक किंवा ग्वादलूप जोडले असते, तर फ्रान्सचा त्या प्रदेशांसाठी ग्राह्य असा व्हिसा लागला असता, नेहमीचा शेंगेन पुरला नसता. खरी अडचण वाटेतल्या विमानतळांची आहे. अमेरिकेतून जायचे असल्यास नुसते विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो आणि लंडनमार्गे जातानाही अटी आहेत. तिकीट काढण्यापूर्वी हे तपासा, आणि बोटीचा करार करताना दोन गोष्टी लेखी मागा : कंपनीने मनाई केलेल्या जागांची यादी, आणि बोटीवर समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र आहे की नाही. ते यंत्र नसेल, तर सहा माणसांना टाकीतले पाणी चार-पाच दिवसच पुरते, आणि मग चॅटम, अँस ला रोश आणि रॉन्द या तिन्हींच्या आधी-मधे बेक्विया आणि टायरेल बे इथे पाणी भरण्याचे दिवस आखावे लागतील.